रेस अडकते, पण दुखणं अर्थचं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कांजूरमार्गला लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या, म्हणजे जुन्या आग्रा रोडच्या कडेला मी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. जुन्या ट्रकवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असत. सकाळी सेल्फ जड फिरतो, उभ्या गाडीत दिवे मंदावतात, रेस एका जागी राहत नाही. या तक्रारी एकत्र आल्या की माणूस आधी बॅटरी बदलतो, मग पंपवाल्याकडे जातो. आमच्याकडे मात्र पहिला संशय घ्यायचा तो अर्थवर, हे मी एका चुकीतून शिकलो.

गोष्ट 1999 च्या पावसाळ्यातली. जुन्नरकडून माळशेज घाटाने भाजी आणणारे एक मालक-चालक माझ्याकडे येत. गाडी जुनी टाटा 407. सेल्फ जड फिरतोय म्हणाले, तेव्हा मी न तपासता सांगितलं, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ त्यांनी टाकली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग दुसऱ्या एका कारागिराने आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस चढवून दिली. रेस चढली की ऑल्टरनेटर जोरात फिरतो, दिवे जरा उजळतात, आणि मालकाला वाटतं काम झालं.

महिन्याभराने ते आले ते उतरल्या चेहऱ्याने. म्हणाले, ‘मिस्त्री, काल घाट उतरताना पाय काढला तरी रेस खाली येईना. क्लच दाबला, ब्रेक धरला, डोंगराच्या अंगाला गाडी घेतली आणि बंद करायचा नॉब ओढला, म्हणून वाचलो. आता पंप उतरवायला सांगतायत. बॅटरीचेच पैसे अजून फिटले नाहीत.’

मी त्यांना सेल्फ मारायला सांगितलं आणि सहज अ‍ॅक्सिलेटरच्या केबलवर हात ठेवला. चटका बसला! क्लिपजवळ केबलचं प्लॅस्टिक वितळलेलं होतं. डिझेल गाडीत रेसची केबल ही नुसती ओढायची तार. तिचा विजेशी काय संबंध? पण तीच वीज वाहत होती.

याचं कारण सोपं आहे. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट काम करून मायनसला परत आला पाहिजे. गाडीत परतीची वेगळी वायर प्रत्येक ठिकाणी टाकत नाहीत, चासीचं लोखंडच ते काम करतं. यालाच आपण अर्थ म्हणतो. पण इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर, आणि रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली जाड पट्टी लावतात. सेल्फ आणि ऑल्टरनेटर दोन्ही इंजिनवर असल्याने त्यांचा सगळा करंट या पट्टीतून परततो. पट्टी सैल झाली, गंजली, की करंट दुसरी वाट शोधतो. रेसची केबल, स्टॉपची केबल, जे सापडेल ते. बारीक तार तापते, आतून खरखरीत होते आणि एक दिवस अडकून बसते. रेस अडकली ती अशी. पंप निर्दोष होता.

या गाडीचं क्लचचं काम झालं होतं. तेव्हा पट्टी काढली, चासीला रंग मारला आणि पट्टी रंगावरच आवळली. रंगाखाली गंज धरायला वेळ लागला नाही. आमच्या भागात तर पूर्वेला मिठागरांची जमीन आणि ठाण्याची खाडी. पावसाळ्यात खारी दमट हवा नटबोल्टला सोडत नाही.

आता तपासायचं कसं? अनेकजण मीटर ओहमवर लावतात आणि ‘कंटिन्युइटी आहे’ म्हणून निघून जातात. त्यात फसगत होते, कारण मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. दहा तारांपैकी एक शाबूत असली तरी तो पास करतो. सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 मध्ये मांडलेला नियम इथे लावा: एका ओहमचा शंभरावा भाग इतका अडथळा आणि 200 अँपिअर करंट, म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गेले. बारापैकी दोन!

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, स्टॉपचा नॉब ओढून धरलेला. आता सेल्फ मारावा. आकडा साधारण पाव व्होल्टच्या आत हवा. त्या गाडीत तो दोनच्या वर गेला. मीटर नसेल तर जंपर केबलने मायनस खुंटी आणि इंजिन जोडून सेल्फ मारून पाहावा. तो एकदम जोरात फिरला, तर चोर सापडला.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. आधी बॅटरीची मायनस वायर काढावी. जोडाची जागा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावी, पट्टी आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. मायनस सर्वांत शेवटी जोडावी. तापलेली केबल मात्र बदलाच. ती तेल घालून मोकळी झाली तरी तिचा भरवसा नाही. त्या गाडीत पट्टी आणि केबल एवढंच बदललं, मग रेस उतरवून मूळ जागी आणली.

अर्थ ठीक असूनही रेस वर-खाली होत असेल, तर डिझेलकडे वळावं. फिल्टर तुंबलाय का, तळाशी पाणी साचलंय का, पाइपाच्या जोडातून एअर धरतेय का, हे क्रमाने बघावं. आयडलिंगच्या स्क्रूला हात त्यानंतर, आणि पंप उतरवणं सगळ्यांत शेवटी. स्वस्त तपासणी आधी, महाग काम नंतर.

1 एप्रिल 2020 पासून विक्रीला आलेल्या भारत स्टेज सहाच्या ट्रकमध्ये इंजिन संगणकाच्या हुकमावर चालतं. सेन्सरचे बारीक व्होल्ट अर्थच्या आधारानेच मोजले जातात, त्यामुळे खराब अर्थने तिथे रेस थेट बिघडू शकते. अशा गाडीला वेल्डिंग करताना कंपनीच्या सूचना पाळाव्यात, बॅटरी सोडावी आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावावा.

त्या मालकांकडून मी त्या दिवशी मजुरी घेतली नाही. बॅटरीचा सल्ला माझाच होता ना! त्यानंतर सेल्फची तक्रार घेऊन गाडी आली की मी बॅटरीचा भाव सांगण्याआधी अर्थच्या पट्टीवरून हात फिरवू लागलो.