खर्रा, चुना आणि तीन बोटे

रोगांचे दोन गट आपण मुलांना शिकवतो : संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य. पहिल्या गटाची उदाहरणे देताना गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकाला अडचण पडत नाही. देवरी, सालेकसा भागात हिवताप म्हणजे काय हे मुलांना घरीच ठाऊक असते. दुसऱ्या गटाशी आलो, की हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे जुनाट विकार अशी नावे फळ्यावर लिहून आपण पुढे जातो. मुलांना वाटते, हे म्हाताऱ्या माणसांचे, शहरातल्या लोकांचे आजार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली असंसर्गजन्य रोगांनी जगात किमान ४ कोटी ३० लाख माणसे दगावली. महासाथीमुळे झालेले मृत्यू वगळले, तर उरलेल्या दर चार मृत्यूंपैकी तीन या रोगांचे होते. या रोगांना डास लागत नाही, दूषित पाणी लागत नाही. पण त्यांच्याकडे नेणाऱ्या सवयी मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्या जडण्याचे वय बहुधा शाळेचेच असते. आपल्याकडे यातली सर्वांत ओळखीची सवय म्हणजे खर्रा.

खर्ऱ्यात असते काय?

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना हे तीन पदार्थ पन्नीत घेऊन पानठेल्यावर घोटतात, तोच खर्रा. रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकून राहणारी माणसे भूक आणि थकवा मारण्यासाठी तो तोंडात धरतात. या तिन्ही पदार्थांचे काम वेगवेगळे आहे आणि ते शालेय रसायनशास्त्राच्या आधारे समजावून सांगता येते.

पहिला पदार्थ चुना. तंबाखूतील निकोटीन हे स्वतः दुर्बल आम्लारी आहे. आम्लधर्मी द्रावणात त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो आणि भारित रेणूला पेशींचे स्निग्ध आवरण सहज ओलांडता येत नाही. द्रावण आम्लारिधर्मी झाले, की हा भार निघून जातो व निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून झरझर रक्तात शिरते. सामू ७ असताना सुमारे एक दशांश निकोटीन अशा मुक्त रूपात असते, ८ असताना निम्मे आणि ९ असताना जवळजवळ नऊ दशांश. म्हणजे चुना हा केवळ चवीचा भाग नाही. तो निकोटीनला दार उघडून देतो. तंबाखूची सवय इतकी पक्की का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

दुसरा पदार्थ तंबाखू. ती सुकवताना व मुरवताना निकोटीन आणि त्याच्या भाईबंद रसायनांपासून नायट्रोसमाइन नावाची संयुगे तयार होतात. यांतील दोन संयुगे माणसात कर्करोग घडवतात, हे सिद्ध झाले आहे.

तिसरा पदार्थ सुपारी. हिला आपण निरुपद्रवी समजतो. लग्नकार्यात, पूजेत ती असतेच. गोड सुपारीच्या पुड्या तर लहान मुलेही खातात. पण फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखूशिवाय खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे नोंदवले. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालील पेशींना जास्त कोलॅजेन, म्हणजे तंतुमय प्रथिन, बनवायला लावते. सुपारीतील तांबे या तंतूंना एकमेकांशी जखडणाऱ्या विकराला चेतवते. टॅनिन हे तंतू टिकाऊ करते. हिरड्यातील किंवा बाभळीच्या सालीतील टॅनिनने कातडे कमावतात, हे मुलांना सांगितले तर मुद्दा लगेच ध्यानात येतो. मऊ, लवचीक गालाचे हळूहळू कमावलेल्या चामड्यासारखे होऊ लागते. अस्तर फिकट, ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते.

एका रोगाचा शोध, अनेक देशांत

या विकाराची हकीकत देशोदेशींच्या सहकार्याचे चांगले उदाहरण आहे. १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांत तो नोंदवला. १९६६ साली मुंबईच्या सत्यवती सिरसाट आणि डेन्मार्कचे दंतवैद्यक संशोधक येन्स पिंडबोर्ग यांनी मिळून त्याचा तपशीलवार अभ्यास मांडला.

त्याच सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंडबोर्ग यांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांत सर्वेक्षणे केली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून काढलेले निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. तंबाखूची सवय आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध रुग्णालयात नव्हे, तर गावात जाऊन पाहिला गेला. पुढे याच गटाने ३६ हजारांवर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ग्रामस्थांना सवय सोडण्याविषयी समजावले व त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांनी सवय सोडली किंवा कमी केली, त्यांच्यात असे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण घटले. रोग टाळता येतो, याचा हा पुरावा होता. दुसऱ्या बाजूला केरळमध्ये तोंड आखडलेल्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतील पाच जणांना कर्करोग झालेला आढळला.

अशा पुराव्यांतून २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार झाला. भारताने तो २००४ मध्ये स्वीकारला. आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. भारताचा २००३ चा तंबाखूविषयक कायदा शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतरात तंबाखू विकू देत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी आली. पण गुटख्याला कारखाना लागतो, खर्ऱ्याला हाताचे तळवे पुरतात. म्हणून एकट्या कायद्याने हे काम होत नाही.

मुले काय करू शकतात?

दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग केला. निम्म्या शाळांत वर्गातील मुलांमधूनच गटप्रमुख निवडले. त्यांनी खेळ, चर्चा, भित्तिपत्रके यांतून आपल्या सोबत्यांशी तंबाखूबद्दल बोलायचे. दोन वर्षांनी पाहिले तर या शाळांत तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला होता, तर उरलेल्या शाळांत तो ६८ टक्क्यांनी वाढला होता. सुरुवातीच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती : आठवीपेक्षा सहावीच्या मुलांत वापर जास्त होता. तेव्हा हा विषय नववी-दहावीसाठी राखून ठेवणे योग्य नाही. जगभर एकाच प्रश्नावलीने होणाऱ्या शालेय पाहणीत, २०१९ साली, भारतातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत असल्याचे आढळले.

आपल्या वर्गात पुढील तीन गोष्टी सहज करता येतील.

१. हळदीचे पाणी लावून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. कागद लाल होईल. त्यावर लिंबाचा रस टाकला, की पुन्हा पिवळा होईल. येथून चुना आणि निकोटीन यांचा संबंध सांगावा. तंबाखू मात्र वर्गात आणू नये. चुना शिक्षकांनीच हाताळावा. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

२. प्रत्येकाने आपली तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का, ते पाहावे. निरोगी तोंडात साधारणपणे तिन्ही मावतात. दोनच मावत असतील, तिखटाने आग होत असेल, फुगा फुगवता किंवा शिट्टी वाजवता येत नसेल, तर त्या मुलाला वर्गासमोर काही न बोलता दंतवैद्याकडे पाठवावे.

३. मुलांनी शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर अंतर दोरीने मोजावे व परिसराचा नकाशा काढावा. तो मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीकडे द्यावा. पानठेलेवाल्याशी बोलण्याचे काम मोठ्यांचे आहे, ते मुलांवर टाकू नये.

एक पथ्य पाळायला हवे. आपल्या जिल्ह्यात तेंदूपानाच्या हंगामावर आणि विड्या वळण्यावर अनेक घरांची चूल पेटत आली आहे. अशा घरातील मूल वर्गात असते. तंबाखू वाईट म्हणताना त्याच्या आईचे काम वाईट असे त्याला वाटता कामा नये. उलट तंबाखूच्या धुळीचा त्रास त्या आईलाही होतो, हे सांगावे.

आखडलेले तोंड पूर्ववत होणे फार कठीण असते. पण सवय लवकर सुटली, तर पुढचे नुकसान थांबते. सोडू इच्छिणाऱ्यांना १८००-११-२३५६ या शासकीय दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकखोलीतही लावावा. ज्याच्या स्वतःच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे, त्या गुरुजींचा हळदीचा प्रयोग कितीही चांगला झाला, तरी मुले खिशाकडेच पाहतात.