राखीव बाकावरची उमेदवारी

फुटबॉलच्या मैदानावर अकरा जण खेळताना दिसतात. परंतु ते अकरा कोणते असावेत हे ठरविणारा इसम रेषेबाहेर उभा असतो, आणि सामना संपल्यावर यशाचे श्रेय खेळाडूंना व अपयशाचा जाब त्याला, अशी या खेळाची जुनी वहिवाट आहे. त्यामुळे क्लबच्या स्वतःच्या अकादमीत पाच-सहा वर्षे वाढलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मुख्य संघात उतरवावे, की अन्य ठिकाणाहून आणलेल्या तिशीच्या कसलेल्या गड्यावर विसंबावे, हा प्रश्न वरकरणी क्रीडाकौशल्याचा वाटला, तरी मुळात तो जबाबदारीचा आहे. मुलगा चुकला, तर त्या चुकीची भरपाई कोणी करायची, हे ज्या क्लबात आधी ठरलेले नसते, तेथे प्रशिक्षक मुलाला बाकावर बसवून ठेवतो. आणि त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही.

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावी बसून या प्रश्नाचा विचार करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु धानाची कापणी उरकल्यावर रिकाम्या झालेल्या बांधीत, दोन्ही अंगांना विटा वा चपला मांडून, धसकटांवरून वेडीवाकडी उसळी घेणाऱ्या चेंडूमागे धावणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो फार प्रस्तुत आहे. शाळेच्या संघातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून नागपूर विभाग, विभागातून राज्य आणि राज्यातून 1960 साली सुरू झालेल्या सुब्रतो चषकासाठी दिल्ली, ही शालेय पायऱ्यांची वाट त्याला ठाऊक असते. रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर नागपूर आहे, त्याच्याशेजारी फुटबॉलची जुनी परंपरा सांगणारे कामठी आहे, आणि एखाद्याचे नशीब फळफळले तर पुढे पुण्या-मुंबईची वा गोव्याची एखादी अकादमी आहे. या प्रत्येक पायरीवर निवडीची काही रीत असते. वयाचा दाखला तपासला जातो, चाचणी घेतली जाते, यादी लागते. अकादमीतून मुख्य संघात जाण्याची जी शेवटची पायरी, तिला मात्र कसलीच रीत नाही. ती एका माणसाच्या मर्जीवर आणि त्याहूनही अधिक त्याच्या धास्तीवर अवलंबून असते.

ही धास्ती निराधार नव्हे. आघाडीच्या मुलाने एक संधी दवडली तर प्रेक्षक हळहळतात; परंतु बचावफळीतल्या मुलाचे एक पाऊल चुकले तर गोल होतो, आणि लागोपाठ चार सामने हरलेल्या प्रशिक्षकाला व्यवस्थापनाचा निरोप यायला वेळ लागत नाही. मुलगा परिपक्व होण्यास तीन वर्षे लागतात आणि प्रशिक्षकाच्या कराराची मुदत पुष्कळदा एका हंगामाची असते. ज्या झाडाची फळे आपल्या जागी येणारा दुसराच कोणी खाणार, त्याला आपल्या नोकरीच्या मोलाने पाणी घालावे अशी अपेक्षा करणे हे नीतिदृष्ट्या उदात्त असले, तरी व्यवहारदृष्ट्या भाबडे आहे.

या वादात 1995 सालचा दाखला हटकून दिला जातो. त्या वर्षी 19 ऑगस्ट रोजी मँचेस्टर युनायटेडचा तरुण संघ ॲस्टन व्हिलाकडून 3-1 असा हरला, तेव्हा पोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, असा निर्वाळा ॲलन हॅन्सन या माजी खेळाडूने दूरचित्रवाणीवरून दिला. आणि त्याच हंगामाच्या अखेरीस त्याच पोरांनी लीग व एफ. ए. कप ही दोन्ही विजेतेपदे पटकावली. हा किस्सा सांगून लोक थांबतात आणि त्यातली अर्धी गोष्ट गाळतात. त्या पोरांच्या मागे गोलमध्ये पीटर श्मायकेल होता, बचावात स्टीव्ह ब्रूस होता, आणि पुढे एरिक कँटोना होता. 1995 सालच्याच मे महिन्यात व्हिएन्ना येथे आयाक्सने मिलानला हरवून युरोपीय विजेतेपद मिळविले, तो गोल सामन्यात बदली म्हणून आलेल्या 18 वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टने 85 व्या मिनिटाला केला. परंतु त्याच्याकडे चेंडू सरकवणारा फ्रँक रायकार्ड 32 वर्षांचा होता आणि संघाचा कर्णधार डॅनी ब्लिंड 33 वर्षांचा होता. मुले जिंकली हे खरे; एकटी जिंकली हे खरे नव्हे.

एकट्या मुलांचा प्रयोग आपल्या देशातही रीतसर होऊन गेला आहे. 2017 साली ऑक्टोबर महिन्यात सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तिच्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या संघातून खेळला. पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या या मुलासह त्या संघातील बहुतेकांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज या नावाखाली एकत्र ठेवून आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरविले. 29 नोव्हेंबर 2017 रोजी गोव्यात त्यांनी पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीचा 3-0 असा पराभव केला, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. प्रारंभ असा दिमाखदार झाला, तरी हंगामाच्या अखेरीस संघ तळाशीच राहिला. खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून या संघाला सूट होती, त्यामुळे हरण्याची भीती नव्हती. सामन्यांचा सराव भरपूर मिळाला आणि सुरेश सिंग, जिक्सन सिंग यांसारखे खेळाडू पुढे मोठ्या क्लबांत नावारूपास आले. परंतु सामना हातातून निसटू लागला असता खेळाची गती कशी मंद करावी, पंचाशी कोणत्या शब्दांत बोलावे, शेवटची दहा मिनिटे कशी काढावीत, हे शिकवणारा वडीलधारा त्यांच्या शेजारी नव्हता. 2022 साली हा उपक्रम बंद करण्यात आला.

याहून बोधप्रद हकीकत आहे ती पुण्याच्या एका क्लबाची, जो पुढे पुण्याचा राहिला नाही. पुणे एफ. सी. हा क्लब 2015 साली मोडला, तेव्हा त्याची नावाजलेली अकादमी एफ. सी. पुणे सिटीने आपल्याकडे घेतली. त्या अकादमीत वाढलेला केरळचा आशिक कुरुनियन स्पेनमधील विलारेआल क्लबाच्या तिसऱ्या संघात काही काळ राहून आला आणि 2017-18 पासून पुणे सिटीच्या मुख्य संघात खेळू लागला. म्हणजे अकादमीपासून मुख्य संघापर्यंतची साखळी पुण्यात निदान एकदा पूर्ण झाली. परंतु 2019 साली पुणे सिटीच बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा नवा क्लब आला. पहिल्या हंगामात तो तळाला राहिला. मग मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाती कारभार आला आणि त्याने जे केले ते या विषयाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गोव्याच्या लिस्टन कुलासोला एफ. सी. गोवात मोजकीच मिनिटे वाट्याला येत होती. हैदराबादेत मार्केझने त्याला आठवड्यामागून आठवडा खेळविले, आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजली. ॲरोजमधून आलेल्या आकाश मिश्राला वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्याने बचावाची डावी बाजू सोपविली आणि ती काढून घेतली नाही. पण याच संघात 2021-22 साली 37 वर्षांचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, ज्याने त्या हंगामात 18 गोल केले. गोलमध्ये गोव्याचा अनुभवी लक्ष्मीकांत कट्टीमणी होता. 20 मार्च 2022 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सशी बरोबरी झाल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये कट्टीमणीने तीन फटके अडविले आणि हैदराबाद विजयी झाला. अनिकेत जाधवही त्या विजयी ताफ्यात होता.

दोनच वर्षांनी त्याच क्लबाची आर्थिक घडी विस्कटली, अनुभवी खेळाडू व परदेशी खेळाडू निघून गेले, आणि 2023-24 च्या हंगामात जी मुले उरली त्यांनाच उतरविणे भाग पडले. 22 सामन्यांत 8 गुण मिळवून संघ तळाशी राहिला. क्लब तोच, मुलांचे वयही तेच. फरक इतकाच, की पहिल्या वेळी संधी विचारपूर्वक दिली होती आणि दुसऱ्या वेळी ती नाइलाजाने पदरी पडली होती.

हा फरक गोंदियाच्या शेतकऱ्याला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले की रोवणी करावी लागते; त्याआधी उपटले तर कोवळे मूळ चिखलात तग धरत नाही, आणि पावसाची वाट पाहता पाहता पऱ्हे वाफ्यातच चाळीस-पन्नास दिवसांचे झाले, तर बांधीत लावूनही त्यांना पुरेसे फुटवे येत नाहीत. अकादमीतला मुलगा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत राखीव संघातच अडकून पडला, की त्याची गत या निबर पऱ्ह्यासारखी होते. उलटपक्षी घाईचेही दुष्परिणाम आहेत. बार्सिलोनाच्या आन्सू फातीला सोळाव्या वर्षी मुख्य संघात स्थान मिळाले, अठरा वर्षांचा असताना नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, आणि तो पूर्वीच्या वेगाने परत धावू शकला नाही. एका दुखापतीवरून सिद्धांत बांधू नये हे मान्य. तथापि वाढत्या हाडांवर किती सामन्यांचा भार टाकावा याचा हिशेब क्लबाच्या डॉक्टरने ठेवावा आणि प्रशिक्षकाने तो मानावा, इतके तरी त्यातून निघते.

मग नियम करून प्रश्न सुटेल काय? इंडियन सुपर लीगमध्ये 2014 साली एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात असू शकत. 2017-18 पासून पाच, आणि 2021-22 पासून चार, असा क्रम लागला. त्यामुळे भारतीय खेळाडूंच्या जागा वाढल्या, परंतु त्या तरुणांच्याच वाट्याला येतील असा काही जामीन नव्हता. 2022 साली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, तिच्यामुळे राखीव संघांना खेळण्यास निदान सामने मिळू लागले. तरीही यादीत नाव असणे निराळे आणि मैदानात असणे निराळे. पहिल्या सत्रापासून गोलमागे अंग गरम करीत धावणारा मुलगा, संघ दोन गोलांनी पुढे असताना, 88 व्या मिनिटाला चौथ्या पंचाच्या फलकावर आपला क्रमांक पाहतो, चार मिनिटे धावतो आणि चेंडूला एकदाही पाय न लावता परततो. कागदोपत्री त्यालाही संधीच म्हणतात. विशेष हे, की इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दहा वर्षांत खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती कोणत्याही क्लबाला नव्हती. तळाशी गेलो तर सर्वस्व जाईल, या सबबीला तेथे मुळीच आधार नव्हता; जाणार होती ती फक्त प्रशिक्षकाची नोकरी.

म्हणून माझ्या मते उपाय नियमपुस्तकात कमी आणि क्लबाच्या दप्तरात अधिक आहे. मुख्य प्रशिक्षकाशी करार करतानाच संचालकांनी त्यात लिहून द्यावे, की अकादमीच्या मुलांना हंगामात अमुक इतकी मिनिटे मिळावीत, ती पूर्ण सामन्यांच्या रूपाने मिळावीत, त्यांच्या दोन्ही अंगांना अनुभवी खेळाडू असावेत, आणि या तजविजीपायी गेलेल्या गुणांचा जाब त्याला विचारला जाणार नाही. ज्याने धोका पत्करायचा त्याला अभय द्यायचे नाही आणि मग तो भित्रा आहे म्हणून बोटे मोडायची, हा न्याय नव्हे. प्रेक्षकांनीही या करारात आपला वाटा उचलावा. बाहेरून आणलेल्या खेळाडूच्या दहा चुका मुकाट्याने गिळणारी गॅलरी आपल्या जिल्ह्याच्या पोराची पहिली चूक होताच त्याला बाहेर काढा म्हणून ओरडते, हे मैदानोमैदानी दिसते.

प्रशिक्षकांनी तरुणांना संधी द्यावी काय, याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पण ती मुलावर केलेली मेहेरबानी म्हणून नव्हे, अथवा तिजोरी रिकामी झाली म्हणूनही नव्हे. ती क्लबाने आधी कबूल केलेली, आणि हरल्यावरही निभावलेली जबाबदारी असावी. तशी ती झाली, तर मुर्रीच्या बांधीतून निघालेल्या मुलाला अखेरच्या पायरीवर कोणाची मर्जी सांभाळावी लागणार नाही. त्याला चांगले खेळावे लागेल, आणि तेवढे पुरेसे असेल.