हलत्या घरातलं टेबल

बँकेत असताना पस्तीस वर्षांत मी किती कर्जप्रकरणं मंजूर केली, याचा हिशेब आता सांगता यायचा नाही. घरं, टॅक्सी, पिठाच्या गिरण्या, आणि रत्नागिरीकडच्या शाखेत असताना मासेमारीच्या दोन होड्यासुद्धा. पण लेकीने आणि जावयाने इंग्लंडमधला राहता फ्लॅट विकून चाळीस वर्षं जुनी शिडाची बोट घेतली आणि 'आता आम्ही हिच्यातच राहणार' असं कळवलं, तेव्हा माझ्यातला निवृत्त अधिकारी खडबडून जागा झाला. दरवर्षी किंमत उतरणारी मालमत्ता, तीही खाऱ्या पाण्यात उभी, आणि वर विम्याचा हप्ता! मी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. 'बाबा, येऊन तर बघ.'

म्हणून २०२२च्या जूनमध्ये मी एकटाच फालमथला गेलो. सौ. आली नाही. तिला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्येही लागतं.

फालमथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं बंदर. भरती-ओहोटीतला फरक जवळपास मुंबईइतकाच, त्यामुळे खाडीतला चिखल पाहून मला परकं वाटलं नाही. बोट छत्तीस फूट लांब. आत स्वयंपाकाचा कोपरा, पुढच्या टोकाला झोपायची जागा, आणि मधे जी बैठकीची खोली असते तिला म्हणतात सलून. आपल्याकडे सलून म्हटलं की न्हाव्याची खुर्ची आणि जुनी सिनेमासिकं आठवतात. इथे दोन बाजूंना गाद्या घातलेली बाकं आणि मधे टेबल. तेच जेवणाचं, तेच लेकीच्या ऑफिसच्या कामाचं, नकाशे पसरायचंही तेच. बोटीतल्या संसारात टेबल एकच असतं.

ते टेबल मोडलेलं होतं. पाय जमिनीतून उखडलेला, आणि वरची फळी दोरीने खांबाला बांधलेली. मी सहज विचारलं, "हे काय झालं?" जावई चहाच्या कपात पाहू लागला. मग लेकीनेच सांगितलं. मागच्या शरद ऋतूत फ्रान्सहून परत येताना रात्री बाजूने एक मोठी लाट बसली. ती शेगडीकडून येत होती, तोल गेला, तिने टेबल धरलं, आणि टेबल तिच्यासकट समोरच्या बाकावर जाऊन आदळलं. दोन बरगड्या मोडल्या.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली.

आठ महिने ही मुलगी दर रविवारी फोनवर आमच्याशी हसत बोलत होती. मला राग नेमका कोणाचा आला, हे त्या दिवशी कळलं नाही. मी बाहेर जाऊन बसलो आणि ओहोटी लागेपर्यंत आत आलो नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या चर्चेत मी स्वतःहून भाग घेतला. बोटीबद्दलचं माझं मत बदललेलं नव्हतं. पण ती विकणार नसतील तर निदान टेबल तरी नीट होऊ दे!

बोटीवरचं टेबल हे धरायचं कठडंही असतं, ही पहिली गोष्ट मी शिकलो. घरातलं टेबल ताटांचं वजन पेलतं. इथलं टेबल अंगावर फेकलं गेलेलं माणूस पेलतं. जुन्या टेबलाचा पाय पायाखालच्या तक्तपोशीला चार स्क्रूंनी बसवलेला होता, आणि ती तक्तपोशी म्हणजे नुसत्या उचलता येणाऱ्या फळ्या. खाली बोटीच्या पोटात साठणारं पाणी पाहायला त्या उचलाव्याच लागतात. म्हणजे तारणच नसलेलं कर्ज. नव्या टेबलाचा पाय खालच्या आडव्या तुळयांना आरपार बोल्टने बांधायचा, हे विनाचर्चा ठरलं.

मग माझी हुशारी. जुन्या आरमारी गोष्टींत मी झुलत्या टेबलांबद्दल वाचलं होतं. दोन टोकांना कडीवर तोललेलं, खाली शिशाचं वजन. बोट कलली तरी टेबल सपाट. मी मोठ्या उत्साहाने आकृती काढली. जावयाने ती आदराने पाहिली आणि पेन्सिल घेतली. वाऱ्यावर बोट पंचवीस अंश सहज कलते. टेबल सत्तर सेंटीमीटर रुंद धरलं तर बोटीच्या मानाने एक कड पंधरा सेंटीमीटर वर जाते आणि दुसरी तेवढीच खाली येते. बसलेल्या माणसाची मांडी आणि टेबल यांच्यात जागा असते चार बोटं. म्हणजे वरच्या बाजूला बसलेल्याच्या मांडीत टेबल घुसणार आणि खालच्याची वाटी छातीशी येणार. "शिवाय बाबा, झुलतं टेबल धरून उभं राहता येत नाही." प्रकरण नामंजूर.

जावयाने खोक्यांचे पुठ्ठे आणि चिकटपट्टी यांचं टेबल केलं, खऱ्या मापाचं, आणि आम्ही आठ दिवस त्याच्याबरोबर राहिलो. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी त्याने दाखवल्या. कोपरे माझ्या कमरेला लागत, म्हणून आमटीची वाटी उपडी ठेवून ते गोल केले; तरी लागत, म्हणून मग कुंड्याखालची बशी. पुढच्या शौचालयात रात्री जाताना वाट अडते, म्हणून दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांनी खाली पडणाऱ्या फळ्या आल्या. मधला भाग पाऊण हात रुंद, कायम उभा. त्याच्या पोटात बाटल्या आणि डाळींचे डबे. ताटं घसरू नयेत म्हणून कडेला अडीच सेंटीमीटरचा काठ हवा. पण मी तिथे लिहायला बसलो तर तोच काठ मनगटाला बोचू लागला. लेक म्हणाली, मलाही लॅपटॉपवर तेच होतं. तेव्हा काठ खुंट्यांवर बसणारा, काढता येणारा करायचा ठरवला. कोपऱ्यांत फटी ठेवल्या, नाहीतर पोळीचे तुकडे झाडायचे कुठून?

एक प्रश्न मात्र पुठ्ठ्याने सुटला नाही. जुन्या टेबलाचा पाय दुर्बिणीसारखा आत सरकत असे. टेबल बाकाच्या पातळीला उतरवलं, वर गादी टाकली की दोघांचा पलंग तयार. मी रोज त्याच्यावरच झोपत होतो. पण असा सरकता पाय आडव्या धक्क्याला कच्चा. कायम उभं राहणारं टेबल केलं तर पलंग जातो. पाहुण्यासाठी उरतं ते उजवीकडचं बाक, जेमतेम दोन फूट रुंद, म्हणजे रेल्वेच्या स्लीपरचा बर्थ.

यावर दोघंही बोलेनात. दोन रात्री पुढच्या खोलीतून कुजबुज ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "सरकताच पाय घेऊ, जाड नळीचा. नाहीतर तुम्ही दोघं आलात तर झोपणार कुठे?"

मी बँकेत अनेकदा न आवडणाऱ्या कागदांवर सही केली आहे. तेव्हा मी म्हणालो, "उभं टेबल करा. मी बर्थवर झोपेन." सौ.चं काय, हे मी बोललो नाही. तिला ही बोट एरवीही दिसणार नव्हती, अशी मी माझी समजूत काढली.

लाकूड कोणतं, हा विषय निघाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गुहागरच्या घरातला झोपाळा आला. घर गेलं, पण झोपाळ्याच्या दोन सागवानी फळ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली पडून होत्या. आणि फालमथमध्ये मुंबईच्या सागाबद्दल कोणाला सांगावं लागत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला इथूनच एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ला इथेच परतला. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी बोट मुंबईत, सागवानातून बांधलेली. त्याआधी दीडशे वर्षं, १८१७ साली, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट इंग्लंडच्या हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगते आहे. सागात तेल असतं, पाणी त्याला सहसा बाधत नाही.

ठाण्याला परतल्यावर मी फळीचा विषय काढला. सौ. म्हणाली, "तिकडे काय लाकडं मिळत नाहीत? आणि एवढं भक्कम कशाला हवं?"

थाप मारायची संधी होती. पण मला ते जमलं नाही. मी बरगड्यांबद्दल सांगितलं. ती कणीक मळत होती, ती मळतच राहिली. मग हात धुतले आणि लेकीला फोन लावला. त्या दोघींत काय बोलणं झालं हे मला माहीत नाही, मला खाली भाजी आणायला पाठवलं होतं. संध्याकाळी सुताराला तिनेच बोलावलं. एका फळीचे दोन तुकडे झाले, पंचाण्णव सेंटीमीटर आणि पंचावन्न. करवत चालू असताना ती तिथे उभी होती. मी नव्हतो. अकरा किलो वजन झालं, कपड्यांच्या बॅगेत बसलं.

२०२३च्या मे महिन्यात फालमथच्या एका बोटसुताराने पट्टीकरवतीवर त्या दीड इंची फळीच्या सहा-सहा मिलिमीटरच्या चार पट्ट्या काढल्या. सागातल्या वाळूच्या अंशाने पातं बोथट होतं, म्हणून तो कुरकुरला. पट्ट्या बारा मिलिमीटर मरीन प्लायवर चिकटवल्या, म्हणजे वजन कमी आणि फळी वाकायची नाही. तेलामुळे साग गोंद धरत नाही. त्यासाठी चिकटवायच्या क्षणी ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. हे काम माझ्याकडे होतं आणि मी ते चोख केलं, असं सुतार म्हणाल्याचं जावई सांगतो. छोट्या तुकड्यातून काठ निघाले. झोपाळ्याच्या कडीचं एक भोक नेमकं डाव्या पानात आलं, ते लाकडी गुडदीने बुजवलं.

टेबल बसल्यावर जावई त्याच्या कडेला लोंबकळला, मग शेजारच्या बोटीवरच्या दोघांना बोलावून तिघांनी ते हलवून पाहिलं. हललं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही हेलफर्ड नदीकडे निघालो. वारा चांगला होता, बोट कलली, खालच्या खिडकीपर्यंत पाणी आलं. मी आत होतो. लेक शेगडीकडून वरण-भाताचे खोल वाडगे घेऊन आली, मधेच थांबली, एक हात टेबलाच्या कडेवर टेकवला, आणि पुढे आली. ती मोडलेल्या बरगड्यांची बाजू होती. मी वाडगा धरला. आम्ही जेवलो.

रात्री बर्थवर कापडाची कड बांधून झोपलो. कूस बदलायला उठून बसावं लागतं. सकाळी सौ.चा फोन आला. तिने टेबलाचे फोटो पाहिले होते. दुसरी फळी तशीच पलंगाखाली आहे, म्हणाली, तिचं बाक रुंद करता येईल का, ते जावयाला विचार.