घोडा एक, कामं दोन : फ्लॅटवर्क आणि जंपिंगसाठी एकच खोगीर चालतं का?

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी भरणा सांगायला वापरतो. जुन्या काळी खोगिराच्या आत चिंध्या, गवत असं हाताला लागेल ते कोंबायचे, त्यावरून तो आला असं सांगतात. गंमत म्हणजे आज घोडेस्वारी शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त डोकं खाजवायला लावतं ते हे खोगीरच. आतला भरणा चुकला, आकार चुकला, तर त्याची शिक्षा घोड्याच्या पाठीला होते. आणि घोडा काही बोलून दाखवत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घोडेस्वारीबद्दलचं कुतूहल वाढलंय. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये भारताने ड्रेसाजमध्ये टीम गोल्ड जिंकलं. त्या टीममध्ये मुंबईचा हृदय छेडा होता. फवाद मिर्झा टोकियो ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये जंपिंगच्या फायनलपर्यंत पोहोचला होता. हे बघून क्लासला जाणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या आईबाबांचा काही महिन्यांतच ठरलेला प्रश्न येतो. फ्लॅटवर्कही करायचंय आणि उड्याही मारायच्यात, मग सॅडल एक घ्यायचं की दोन?

उत्तर समजून घ्यायचं तर आधी दोन्ही कामांत शरीर काय करतं ते बघू.

फ्लॅटवर्क म्हणजे काय?

अडथळे न ठेवता सपाट मैदानावर केलेला सगळा सराव म्हणजे फ्लॅटवर्क. चाल, दुडकी, कँटर, वर्तुळं, वळणं, थांबणं, मागे येणं. याचंच स्पर्धेतलं पुढचं रूप म्हणजे ड्रेसाज.

यात स्वाराला घोड्याच्या पाठीत खोल आणि सरळ बसावं लागतं. बाजूने बघितलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवी. त्यासाठी रिकिबी लांब असतात आणि पाय खाली सैल सुटलेला असतो. म्हणून ड्रेसाजच्या सॅडलची बैठक खोलगट असते आणि बाजूची कातडी झापड, म्हणजे फ्लॅप, लांब आणि जवळजवळ उभी असते. आंतरराष्ट्रीय ड्रेसाज स्पर्धेत असंच सॅडल लावायचा नियम आहे.

मग जंपिंगला काय बदलतं?

जवळपास सगळंच. उडी मारताना स्वार रिकिबी आखूड करतो. रिकीब आखूड झाली की गुडघा वाकतो आणि पुढे सरकतो. घोडा जमीन सोडतो तेव्हा स्वार बैठकीवरून उचलला जातो आणि कंबरेतून पुढे झुकतो, म्हणजे घोड्याच्या पाठीला वर येऊन गोल व्हायला जागा मिळते.

ही पद्धत फार जुनी नाही. इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) याने ती मांडली. त्याआधी स्वार उडी मारताना मागे रेलायचे आणि लगाम ओढून धरायचे. म्हणजे घोडा पुढे झेपावतोय आणि स्वार त्याच्या तोंडाला मागे हिसका देतोय. काप्रिलीचं म्हणणं सोपं होतं : घोड्याला त्याचं काम करू द्या, तुम्ही त्याच्यासोबत पुढे जा. या बैठकीला फॉरवर्ड सीट म्हणतात. पुढे सॅडलही त्यानुसार बदललं. फ्लॅप पुढच्या बाजूला झुकला, बैठक चपटी झाली आणि गुडघ्याला टेकू द्यायला पुढे गाद्या आल्या.

एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर?

ड्रेसाजच्या सॅडलवर रिकिबी आखूड केल्या की गुडघा फ्लॅपच्या पुढे बाहेर येतो आणि टेकू जातो. बैठक खोल असल्यामुळे पटकन उठताही येत नाही. उडीच्या क्षणी स्वार मागे राहतो आणि त्याचं वजन धप्पकन घोड्याच्या पाठीवर येतं.

उलट जंपिंगच्या सॅडलवर फ्लॅटवर्क केलं की पाय पुढे ढकलला जातो. स्वार खुर्चीत बसल्यासारखा बसतो, टाच कंबरेच्या पुढे जाते आणि तोल सांभाळायला नकळत लगामाचा आधार घेतला जातो. शिकणाऱ्याला वाटतं आपली मांड कच्ची आहे. प्रत्यक्षात अनेकदा खोगीरच त्याला चुकीचं बसवत असतं.

मधला मार्ग : जनरल पर्पज सॅडल

दोन्हींच्या मधलं सॅडल म्हणजे जनरल पर्पज किंवा ऑल पर्पज. फ्लॅप थोडा पुढे, पण फार नाही. बैठक मध्यम खोल. यातही दोन छटा आहेत. जर्मन पद्धतीच्या नावांत 'व्हीएसडी' लिहिलेलं सॅडल ड्रेसाजकडे झुकतं, म्हणजे त्याचा फ्लॅप जरा सरळ असतो. 'व्हीएसएस' जंपिंगकडे झुकतं, त्याचा फ्लॅप जास्त पुढे असतो.

हे सॅडल दोन्ही कामं करतं, पण दोन्हीत अव्वल नसतं. शिकणाऱ्यासाठी, रोजच्या सरावासाठी आणि छोट्या उड्यांसाठी ते पुरेसं आहे. ऑलिम्पिकच्या जंपिंगमध्ये अडथळे १.६५ मीटरपर्यंत जातात, तिथे हे चालणार नाही. इव्हेंटिंगचे स्वारही ड्रेसाजच्या दिवशी वेगळं आणि उड्यांच्या दिवशी वेगळं सॅडल लावतात. पण तुम्ही आठवड्यातून चार दिवस फ्लॅटवर्क आणि एक दिवस छोट्या उड्या करत असाल, तर व्हीएसडीसारखं सॅडल बघा. उड्या जास्त असतील तर पुढे झुकलेला फ्लॅप बघा.

पण आधी घोडा, मग तुम्ही

इथेच बहुतेक जण घसरतात. ते स्वतःच्या मापाचं सॅडल शोधतात आणि घोड्याची पाठ नंतर बघतात. क्रम उलटा हवा.

सॅडलच्या आत एक कडक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. तो लाकडाचा किंवा सिंथेटिक असतो. त्याची रुंदी घोड्याच्या खांद्यांना जुळली पाहिजे. शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडची पाठ अनेकदा अरुंद असते आणि मान संपते तिथला उंचवटा, म्हणजे विदर्स, ठळक असतो. गोल, भरलेल्या पाठीच्या तट्टाला तेच सॅडल बसणार नाही. राज्यगीतात उल्लेख असलेली भीमथडीची तट्टं आणि थरोब्रेड यांच्या बांध्यातच फरक आहे.

सॅडल खाली काही न घालता थेट पाठीवर ठेवा आणि हे तपासा :

• विदर्स आणि सॅडलचा पुढचा कमानीसारखा भाग यांत दोन ते तीन बोटं जातात का? स्वार बसल्यावरही फट राहिली पाहिजे.

• सॅडलची पुढची कड खांद्याच्या हाडामागे आहे का? त्यावर आली तर पाय पुढे टाकताना घोड्याला अडतं.

• मागचा भाग शेवटच्या बरगडीच्या पुढे जातो का? तिथून पुढची पाठ वजन पेलण्यासाठी नाही.

• खालच्या दोन्ही गाद्या पूर्ण लांबीभर टेकतात का? पुढे-मागे टेकून मधे पोकळ राहिलं तर वजन चारच जागी दाबतं.

• मागून बघितल्यावर दोन गाद्यांमधून आरपार उजेड दिसतो का? पाठीच्या कण्यावर काहीही टेकता कामा नये.

• बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध येतो का? मागे कललं तर तुम्हीही मागे कलणार.

मग स्वाराचं माप. बैठकीची मापं इंचांत असतात, मोठ्यांसाठी साधारण १६ ते १८. बसल्यावर तुमच्या मागे सॅडलची एक तळहातभर जागा उरली पाहिजे. त्यानंतर खरी परीक्षा : आधी लांब रिकिबीवर दुडकी करा, मग रिकिबी उडीसाठी लागतात तितक्या आखूड करून बघा. दोन्ही वेळा गुडघा फ्लॅपवरच राहिला, तर हे सॅडल तुमची दोन्ही कामं करेल. उंच, लांब मांडीच्या स्वारांचा गुडघा इथे हमखास बाहेर जातो.

जाड गादी घातली की झालं, असं नाही

सॅडल घट्ट असेल तर खाली जाड नमदा घालायचा सल्ला हमखास मिळतो. बूट चावतोय म्हणून जाड मोजे घातल्यासारखंच आहे हे. दाब आणखी वाढतो.

सॅडल बसत नाहीये हे घोडा सांगतो, फक्त त्याच्या भाषेत. तंग आवळताना कान मागे पाडतो, चावायला येतो, पाठीवर खरारा केला तर अंग चोरतो, उडीला नकार देतो. आपण त्याला 'हट्टी' म्हणून मोकळे होतो. स्वारीनंतर सॅडल काढल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि एखाद्याच जागी कोरडं असेल, तर तिथे जास्त दाब पडत असल्याची शक्यता आहे. पाठीवर एकाच जागी पांढरे केस उगवले असतील, तर बहुतेक तिथे पूर्वी दाबाने किंवा घासून इजा झालेली असते. तुमच्या सईसाला विचारा, रोज हात फिरवणाऱ्याला या खुणा आधी कळतात.

कुठलं घ्यायचं?

भारतात सॅडल म्हटलं की कानपूरचं नाव येतं. ब्रिटिश काळापासून तिथे घोड्यांचं चामडी साहित्य बनतं आणि 'कानपूर सॅडलरी'ला जीआय मानांकनही आहे. चामडं टिकतं, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते, पुसून तेल लावावं लागतं. सिंथेटिक सॅडल हलकं असतं आणि देखभाल कमी लागते. काही सॅडलमध्ये पुढची कमान बदलून रुंदी कमी-जास्त करता येते. घोड्याचं वजन वर्षभरात बदलतं, त्यामुळे ही सोय कामाची आहे. लोकरीचा भरणा असेल तर तो जाणकार कारागिराकडून पुन्हा भरून घेता येतो.

सेकंड हँड घेताना सॅडलचं पुढचं आणि मागचं टोक धरून हलकेच दाबा. मधेच वाकलं किंवा कटकट आवाज आला, तर ट्री मोडलेला असू शकतो. ते घेऊ नका. तंगाचे पट्टे आणि त्यांची शिवण बघा, कारण तुमचा जीव त्यावरच असतो.

आणि घोडा स्वतःचा नसेल तर?

तर बहुतेक वेळा सॅडल घेऊच नका. क्लबमध्ये आज हा घोडा, उद्या तो. एकाला बसणारं सॅडल दुसऱ्याची पाठ सोलू शकतं. ते पैसे आधी चांगलं हेल्मेट आणि टाचेचे बूट घेण्यात घाला. सॅडल तेव्हा घ्या, जेव्हा ते कोणाच्या पाठीवर बसणार आहे हे तुम्हाला नक्की माहीत असेल.