नाकारलेला विचार

इ. स. १८९२ च्या शरद ऋतूत व्हिएन्ना येथील डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे २४ वर्षांची एक तरुणी उपचारांसाठी आली. दोन वर्षांहून अधिक काळ तिचे पाय दुखत होते, चालणे कष्टाचे झाले होते. तिची हकीकत लिहिताना फ्रॉइड यांनी तिला एलिझाबेथ हे नाव दिले.

दुखणे उजव्या मांडीपासून सुरू झाले होते. आजारी वडिलांची दीड वर्ष शुश्रूषा तिनेच केली होती, आणि रोज सकाळी पट्टी बदलताना त्यांचा सुजलेला पाय ती याच मांडीवर घेत असे. पुढे तिची विवाहित बहीण गर्भारपणात हृदयविकाराने वारली. त्या मृत्युशय्येपाशी उभी असताना मेहुणे आता मोकळे झाले, आपला विवाह त्यांच्याशी होऊ शकेल, असा विचार तिच्या मनात क्षणभर येऊन गेला. बहिणीवर जीव असलेल्या मुलीला तो सहन होण्यासारखा नव्हता. मनाने तो बाहेर लोटला आणि त्याची वेदना देहाने घेतली, असे फ्रॉइड यांचे म्हणणे. या क्रियेला मनोविश्लेषणात ‘दमन’ म्हणतात.

दमन म्हणजे संयम नव्हे. मनातला राग ओळखून जो जिभेवर ताबा ठेवतो, त्याला राग ठाऊक असतो. दमनात तो आहे हेच माणसाला ठाऊक नसते. संयमाने आजार जडतात असे फ्रॉइड सांगतात, हा आपल्याकडील समज या दोहोंची गल्लत केल्याने झाला आहे.

१९०९ साली अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात त्यांनी एक साधा दृष्टांत दिला. व्याख्यानात गोंगाट करणाऱ्याला श्रोत्यांनी बाहेर काढले, दाराला खुर्च्या लावल्या. तरी तो बाहेरून दार बडवू लागला तर व्याख्यान चालणार कसे? कोणी मध्यस्थाने त्याच्याशी बोलून समेट करून त्याला आत आणावे, हेच वैद्याचे काम.

फ्रॉइड यांनी हा उलगडा सांगताच एलिझाबेथ रडली, हे खरे नाही म्हणाली. तो नकारही त्यांना दमनाचीच खूण वाटला. या सिद्धांताची दुबळी बाजू नेमकी येथेच आहे, कारण होकार आणि नकार दोन्ही पुरावाच ठरू लागले तर रोग्याने बोलावे तरी काय? १८९४ च्या वसंतात फ्रॉइड यांनी तिला एका समारंभात वेगाने नृत्य करताना पाहिले. पुढे तिचे लग्नही झाले, दुसऱ्याच कोणाशी. कित्येक वर्षांनी आपल्या मुलीला मात्र तिने सांगितले, की मेहुण्यांवर माझे प्रेम आहे असे तो दाढीवाला तरुण डॉक्टर मला पटवू पाहत होता. पण तसे काही नव्हते.