चालती मोटार अकस्मात का बंद पडते?



पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना देहूरोड मागे पडले की लोहमार्गावर बेगडेवाडीचे लहानसे स्टेशन लागते. जुना मुंबई-पुणे रस्ताही या भागात लोहमार्गापासून फार दूर नाही. समजा, या रस्त्यावर तासभर उत्तम चाललेली आपली मोटार एकाएकी बंद पडली. किल्ली फिरवावी तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही पेट घेत नाही. अर्ध्या तासाने मात्र, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, तीच मोटार सुरू होते. आज या एकाच लक्षणाचा विचार करावयाचा आहे. त्याचे निदान चुकले, तर हजारो रुपयांचे भाग विनाकारण बदलले जातात आणि पुढच्या खेपेस तीच मोटार बोरघाटात मालमोटारींच्या पुढ्यात थांबते.

हे लक्षण जुन्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहे. अँबॅसिडर काय किंवा प्रीमियर पद्मिनी काय, उन्हाळ्यात खंडाळ्याचा चढ चढताना बंद पडली की चालक बॉनेट उघडी व पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकी. त्यात शास्त्र होते. तो पंप इंजिनालाच चिकटून असे आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेई. पंप तापला की ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलची नळीतच वाफ होई, आणि वाफेपुढे पंपाचे काही चालत नसे. फडक्याने पंप निवे, वाफेचे पुन्हा पेट्रोल होई, गाडी चालू!

इ. स. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसतसा मोटारींतून कार्बुरेटर गेला व इंजेक्शन आले. २०२० नंतर नव्या स्कूटरी व मोटारसायकलीही त्याच मार्गाने गेल्या. आता विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलात बुडून बसतो आणि सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलोग्रॅम दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही. म्हणजे लक्षण तेच राहिले, रोग मात्र बदलला. आणि घोटाळा होतो तो येथेच.

मग तापल्यावर बंद पडते काय? बहुधा, इंजिनाचा डोळा. क्रॅंकशाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरते. त्याजवळचा सेन्सर एकेक दात मोजून संगणकास कळवितो. पेट्रोल केव्हा सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे संगणक त्यावरूनच ठरवितो. जुन्या सेन्सरच्या आतील केसासारखी बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून कधी कधी तुटक होते. संदेश थांबला की इंजिनच थांबले असे संगणक समजतो, आणि पेट्रोल व ठिणगी दोन्ही बंद करतो. निवल्यावर तारेची टोके पुन्हा जुळतात.

म्हणून मोटार कशी बंद पडली, हे आधी आठवावे. दिव्याचे बटण दाबल्यागत क्षणात बंद पडली, तर संशय विजेवर: सेन्सर, रिले, बॅटरीचे सैल टोक. आचके देत, जोर गमावीत थांबली, तर पेट्रोलवर: चोंदलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. टाकी नेहमी तळाशी ठेवणाऱ्यांचा पंप लवकर थकतो, कारण त्याला थंड ठेवणारे पेट्रोलच त्याच्याभोवती नसते. केवळ सिग्नलपाशी पाय उचलताच बंद पडत असेल, तर थ्रॉटलमध्ये साचलेली काजळी पाहावी.

किल्ली 'ऑन' करून कान द्यावा. बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूस दोनएक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. इंजिनाच्या खुणेचा पिवळा दिवाही लागला पाहिजे. तो लागलाच नाही, तर संगणकालाच वीज पोचत नसावी. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरू लागला तर मात्र तेथेच थांबावे. टायमिंगचा पट्टा तुटला असल्यास आणखी फिरविल्याने व्हॉल्व्ह वाकू शकतात.

अर्थात, हे सारे गाडी सुखरूप बाजूस लागल्यावर. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पाय दाबण्यापुरतीच उरते. तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच, पण नेटाने दाबावा. गाडी चालत असताना किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर स्टार्टरला हात लावू नये.

मिस्त्री स्कॅनर लावतो तेव्हा 'पी ०३३५' असा काहीसा आकडा उमटतो. तो क्रॅंक सेन्सरच्या मंडलाचा आहे. सेन्सरच बिघडला, असा त्याचा अर्थ नव्हे. त्या मंडलात सेन्सर आहे, जोडणी आहे आणि तारही आहे. शेताकडेला चार-आठ दिवस उभ्या असलेल्या गाडीत ही तार उंदराने कुरतडलेलीही असू शकते. तेव्हा नवा सेन्सर विकत घेण्यापूर्वी मिस्त्रीला ती तार टोकापासून टोकापर्यंत तपासून दाखवावयास सांगावे.