प्रथिन कमी दिसलं, म्हणजे तेच कारण का?



मागच्या उन्हाळ्यात जाफराबादला घरचं लग्न होतं. माझ्या मावशीच्या कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत, म्हणून पंगतीत तिच्या शेजारी कोणी बसेना. सोरायसिस संसर्गजन्य नाही, हे मी चार जणांना सांगितलं. मग मावशीनेच विचारलं, "तू त्वचेवरच शिकतेस ना? मग हे होतं कशामुळे?" तिला उत्तर देताना जे गोंधळ झाले, ते तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये होऊ शकतात. म्हणून हा लेख.

आधी निरोगी त्वचा बघू. तळाच्या थरातल्या पेशी विभागतात. त्यांच्यात केराटिन ५ आणि १४ तयार होतं. पेशी वर सरकली की ही जोडी बंद होते आणि केराटिन १ व १० सुरू होतं. आणखी वर फिलाग्रिन, लोरिक्रिन येतात. शेवटी केंद्रक नाहीसं होतं आणि मेलेल्या पेशींचा मजबूत थर उरतो. हा प्रवास साधारण महिनाभराचा. सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, फक्त कोणतं कधी चालू होतं ते बदलतं. यालाच आपण विभेदन म्हणतो.

सोरायसिसमध्ये हाच प्रवास काही दिवसांत उरकतो. केराटिन १० घटतं, केराटिन १६ वाढतं. मग केराटिन १६ हे कारण का? नाही. साधी जखम भरतानाही ते वाढतं. शिवाय रोगप्रतिकारक पेशींचा आयएल-१७ हा संदेश औषधाने अडवला, की चट्टे ओसरतात आणि केराटिन १६ सुद्धा उतरतं. म्हणजे इथे तो परिणाम आहे.

आता फिलाग्रिन घ्या. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं, की या जनुकात जन्मतः बिघाड असेल तर त्वचा कोरडी, खवल्यांची होते आणि एक्झिमाचा धोका वाढतो. बिघाड आजाराच्या आधीपासून आहे, म्हणून इथे त्याला कारण म्हणता येतं.

पण खरी मेख पुढे आहे. जनुक ठणठणीत असलं तरी एक्झिमाच्या दाहात आयएल-४ आणि आयएल-१३ फिलाग्रिन दाबून टाकतात. म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर दोन्ही रुग्णांची पट्टी सारखीच फिकी! एकात ते कारण, दुसऱ्यात परिणाम. ब्लॉट फक्त प्रथिन किती ते सांगतो. कोणत्या थरात आहे ते बघायला ऊतीचा छेद रंगवावा लागतो, आणि कारण ठरवायला जनुक तपासावं लागतं किंवा संवर्धित पेशींत ते प्रथिन मुद्दाम कमी करून बघावं लागतं.

तेव्हा पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की उद्दिष्टांत "रोगाचे कारण शोधणे" असं लिहिण्याआधी थांबा. तुमच्या प्रयोगातून फक्त पातळी कळणार असेल, तर "पातळीतील बदल अभ्यासणे" एवढंच लिहा. गाईड पहिला प्रश्न तोच विचारतील.

मावशीला मात्र मी सोप्पं सांगितलं: "तुझी कातडी घाईत तयार होतेय. शरीरातूनच तिला चुकीचा निरोप जातोय. तुझी काही चूक नाही, आणि कोणाला लागणारही नाही." ती म्हणाली, "हे पंगतीत सांग."

तुमचे प्रश्न कमेंटमध्ये नक्की विचारा.